विरत जाणारा आकडा

"गावात लोक आक्काबद्दल कायबाय बोलाय लागल्यात," असं वडील जेवताना हळू आवाजात म्हणाले आणि भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. साखर कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस. यंत्रांच्या आवाजात बोलून बोलून त्यांना हळू बोलणं जमतच नाही. ते हळू बोलले म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, तेव्हा ती कोडोलीच्या बाजूच्या आमच्या वाडीला माहेरी परत आली आणि भावाच्या संसारात बसून खाणार नाही म्हणून बायकांच्या दूध संस्थेत कामाला लागली. पुढं तिथली सचिव झाली. सगळी वाडी तिला आक्का म्हणते, तिच्यापेक्षा म्हातारी माणसंसुद्धा. बारावीनंतर मला कॉम्प्युटर शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात खल चालला होता, तेव्हा ही बाई पहिल्या एसटीनं आमच्या घरी, कोल्हापूरच्या बावड्यात आली, चहासुद्धा न घेता वडिलांना म्हणाली, "पोरगी शिकणार हाय. आता बोल." वडील बोलले नाहीत. मी आज घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, ते त्या सकाळच्या जोरावर.

तेव्हा तिच्याबद्दल कोण काय बोलतंय हे ऐकून माझं डोकं फिरलं. तसं ते फिरायला फारसं निमित्त लागत नाही.

"काय बोलतात?"

"फॅटमधी हात मारती म्हणत्यात."

दुधाचा दर त्यातल्या स्निग्धांशावर ठरतो आणि त्याला आमच्याकडं लहान पोरंसुद्धा फॅट म्हणतात. म्हशीला सरकी पेंड जास्त घातली, वैरण चांगली मिळाली की फॅट चांगली लागते. संस्थेत दुधाचा नमुना यंत्रात जातो, यंत्र आकडा काढतं, ७.२ आला तर आम्ही सात दोन म्हणतो, आणि तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतो. आमच्या वाडीत तो पडदा खिडकीतून बाहेर तोंड करून लावलेला आहे, सगळ्यांना दिसावा म्हणून. ही आत्याचीच कल्पना. लपवायचं काही नाही, मग पडदा आत कशाला, असं तिचं म्हणणं. आणि त्याच पडद्यावर बायकांनी तिला चोरी करताना बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायच्या तयारीनंच वाडीत पोचले. संस्थेसमोर दुधाच्या किटल्यांची रांग लागली होती. आमच्याकडं माणसं रांगेत उभी राहत नाहीत, किटल्या राहतात. ज्याची त्याची किटली ठरल्या जागी ठेवायची आणि कट्ट्यावर बसून गप्पा मारायच्या. वर्षानुवर्षं कुणाच्या मागं कुणाची किटली हे बदलत नाही, आणि चुकून बदललंच तर तेवढ्यावरून दोन घरांतली बोलाचाल बंद होऊ शकते.

जिनं तोंड उघडलं होतं ती बाई मला लगेच दाखवली गेली. मधल्या आळीतली, धडधाकट, आवाज असा की समोरच्या शेतातली पाखरं उडावीत. मी नमस्कारबिमस्कार काही न करता विचारलं, "तुम्ही आत्याला चोर म्हणालात?"

"म्हणालो की," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, गेलो, आलो, म्हणालो. "तुजी आत्या हाय म्हणून खोटं बोलू व्हय? माज्या म्हशीची फॅट आधी सात दोन दिसती आणि बगता बगता सहा एक हुती. रोज. जोतिबाची आण, मी डोळ्यानं बघितलंय."

"डोळ्यानं बघितलं म्हणे!" मी आवाज चढवला. "आणि आत्यानं मुद्दाम तुमचीच का कमी करावी?"

"ते तिलाच इचार. माज्या जावंची वाढवती आणि माजी कमी करती. जावंची आधी साडेतीन दिसती आणि मग सात दोन हुती. हे काय डोळं फुटल्यावानी बगत बसू?"

आतून आत्या बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता, पण आवाज नाही. "मीबी जोतिबाची आण घेऊन सांगतो," ती म्हणाली, "यंत्रात आलेला आकडा मी कधी हालवला न्हाई."

सगळ्या कट्ट्यानं डोंगराकडं बघितलं. इथून जोतिबाचा डोंगर समोर दिसतो. त्याच्यासमोर दोन बायकांनी एकमेकींविरुद्ध आण घेतली होती आणि दोघींपैकी एक खोटी पडल्याशिवाय हे मिटणार नव्हतं. आणि लोकांनी कोणाला खोटं पाडायचं हे जवळजवळ ठरवलेलं मला दिसत होतं. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात, आणि दूध संस्थांच्या काट्यापायी, फॅटपायी पोळलेली तोंडं या भागात कमी नाहीत.

माझी आत्या खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. पण समोरची बाई खोटं बोलतेय असंही मला, जीव तोडून ठरवलं तरी, वाटेना. खोटं बोलणारा माणूस इतका बारीक तपशील देत नाही. साडेतीन, सात दोन, सहा एक. म्हणून मी आत आत्याशेजारी न बसता बाहेर खिडकीपाशी, बायका उभ्या राहतात तिथं उभी राहिले आणि पडद्याकडं बघत बसले.

पहिली किटली एका गाईवाल्या आजींची. साडेतीन. मग या बाईच्या जावेची. पडद्यावर नवी चौकट उमटायला लागली, हळूहळू, झिरझिरीत पडद्याआडून आल्यासारखी. तिच्याखालची जुनी चौकट तितक्याच सावकाश विरत होती. एका श्वासापुरते तिथं साडेतीन दिसले आणि मग त्याच जागी सात दोन. पुढची किटली या बाईची. सात दोन दिसले, विरले, सहा एक झाले.

"बघितलंस?" ती माझ्या कानाशी ओरडली. "आता बोल की!"

मी हसायला लागले. दोघींची आण खरी होती.

संस्थेचा कॉम्प्युटर जुना, कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेला. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली होती, आणि त्यावर एक देखणं डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, बटणं, मेनू वगैरे जे आपल्याला दिसतं ते सगळं. खिडकीला सावली, कडांना गोलाई, उघडताना उमटणं, मिटताना विरणं. चांगल्या मशीनवर हे सगळं पापणी लवायच्या आत होतं आणि डोळ्याला बरं वाटतं. या बिचाऱ्यात चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड नावालाच. सगळी सजावट प्रोसेसरलाच ओढावी लागे. म्हाताऱ्या बैलाला बैलपोळ्याची झूल घालून नांगराला जुंपावं तसं चाललं होतं. आत्याला हे कधी दिसलंच नव्हतं, कारण ती यंत्राकडं बघून आकडा मोठ्यानं वाचायची, पडद्याकडं तिची पाठ असायची. आणि किटल्यांची रांग ठरलेली असल्यामुळं या बाईला रोज जावेचाच आकडा आधी दिसायचा. जावेच्या म्हशीची फॅट वाडीत सगळ्यात जास्त.

मी हे कट्ट्यावर सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाली, "भाचीच ती. आत्याच्या बाजूनंच बोलणार की."

म्हणून मी बोलणं सोडलं आणि कॉम्प्युटरच्या पोटात शिरले. ही सजावट बंद करायला त्या डेस्कटॉपमध्ये एक बटण नव्हतं. थोडं इथं, थोडं तिथं, काही अशा फायलींत दडवलेलं की बनवणाऱ्यालाच सापडावं. मी ते सगळं एकेक करून बंद केलं. आकडा झटकन येऊ लागला. वाडीत थोडी शांतता झाली, आणि मी बावड्यात येऊन स्वतःवर खूश होते.

मग अपडेट आलं आणि माझे सगळे बदल पुसून गेले. पुन्हा सावल्या, पुन्हा गोलाई, पुन्हा सात दोनचे सहा एक. आत्याचा फोन आला तेव्हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका कोरडा होता.

"ती आली हुती. म्हणाली, आक्का, मदी भ्यालीस म्हणून सरळ झालीस, आता परत सुरू केलंस व्हय?"

"मी आजच येते. दुसरं साधं डेस्कटॉप घालून देते, कटकटच मिटेल."

"न्हाई," ती म्हणाली. "तू काय बदलू नको. मशीन बदललं तर म्हणतील, पुरावा पुसला. हायच त्या मशीनवर, सगळ्यांसमोर, दिसलं पायजे का हे असं का हुतंय. मी सभा बोलावलीया. ठेवत्यात तर ठेवूंद्यात, काढत्यात तर काढूंद्यात. पण चोर म्हणून मी त्या खुर्चीत बसणार न्हाई."

सभा पुढच्या महिन्यात होती. आत्याच्या सगळ्या आयुष्याचा निकाल मला एका बटणावर येऊन अडकलेला दिसत होता, आणि ते बटण अस्तित्वातच नव्हतं.

असं डेस्कटॉप कोणी एक कंपनी बनवत नाही. जगभरातली माणसं आपापल्या फावल्या वेळात ते बनवतात, सांभाळतात, त्यावरून भांडतात. मी आजवर ते फुकट वापरलं होतं आणि कधी एक अक्षर परत दिलं नव्हतं. आता त्यांच्या दारात, म्हणजे संकेतस्थळावर जाऊन मी सगळं लिहिलं, दूध, फॅट, किटल्या, जाऊबाई, आण. फोनवर काढलेला व्हिडिओही जोडला. एक बटण हवं, म्हटलं, जे दाबलं की सगळी सजावट एकदम बंद होईल, आणि जे अपडेटनं पुसलं जाणार नाही.

पहिलं उत्तर कुणीतरी दिलं की त्या गावानं नवा कॉम्प्युटर घ्यावा. त्याला मी जे लिहिलं ते इथं देण्याजोगं नाही, आणि सुदैवानं मी ते पाठवायच्या आत दुसरं उत्तर आलं. ते त्या प्रकल्पाची देखभाल करणाऱ्याचं होतं, उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला माणूस. त्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही. त्यानं लिहिलं होतं, "हे विरणं मी लिहिलं आहे. मला ते फार आवडायचं. ते कुणाच्या अब्रूवर येईल असं वाटलं नव्हतं. असं बटण अनेकांनी मागितलंय, करायला कुणी पुढं आलं नाही. तुम्ही करता का? मी शिकवतो."

मी केलं, आणि त्यानं शिकवलं. माझं पहिलं काम त्यानं इतक्या दुरुस्त्या सुचवून परत पाठवलं की मला माझ्या शाळेच्या निबंधाची आठवण झाली. सावली बंद केली तर खिडकीची कड दिसणार कशी? एक बारीक रेघ दे. नुसतं विरणं थांबवून भागणार नाही, जुनी चौकट आधी पुरती पुसली पाहिजे आणि मगच नवी दिसली पाहिजे. मी चिडायची, दुपारी गच्चीवर चकरा मारायची, आई म्हणायची, "कुणाशी भांडतीस गं?" आणि मग शांत झाल्यावर दिसायचं की त्याचंच बरोबर आहे.

सगळ्यात शहाणी सूचनाही त्याचीच. मी म्हणत होते, सेटिंग्जमध्ये बटण ठेवू, ज्याला हवं तो दाबेल. तो म्हणाला, ज्यांना याची गरज आहे त्यांना सेटिंग्ज उघडता येत असतील असं तुम्ही कशावरून धरता? तुमची आत्या कधी उघडते? मग आम्ही असं केलं की डेस्कटॉप सुरू होतानाच मशीन जोखून बघेल, आणि ग्राफिक्सची ताकद नसेल तर साधेपणा आपणहून निवडेल. ज्याला सजावट हवीच असेल त्यानं ती मुद्दाम चालू करावी. आज माझ्या मनात येतं, आणखी कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी देशात, कुणाच्या तरी खिडकीतल्या पडद्यावर दोन आकडे एकमेकांत मिसळायचे थांबले असतील आणि एका माणसावरचा आळ न येताच टळला असेल. हे मला एकटीला सुचलं नसतं. त्या माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि त्यानं ते अशा सहजपणे केले की आभार मानायला गेलं तर तो पुढच्या दुरुस्तीबद्दल बोलायला लागतो.

बटणाला मराठी नाव मलाच द्यायचं होतं. मी आत्याला फोन करून विचारलं. "नखरं बंद," ती म्हणाली. मी 'साधी सजावट' असं ठेवलं. आणि त्या बदलाच्या नोंदीत दोष कुणी दाखवून दिला हे लिहायची एक जागा असते. तिथं देखभाल करणाऱ्यानं माझं नाव घातलं होतं. मी ते काढायला लावलं आणि लिहिलं, 'कोल्हापूर जिल्ह्यातल्या एक दूध उत्पादक बाई.' दोष तिनं दाखवला होता. मी फक्त चिडले होते.

सभेच्या आदल्या आठवड्यात आमचं बटण अपडेटमधून वाडीच्या मशीनवर आलं.

सभा संस्थेसमोरच भरली, संध्याकाळच्या धारा काढायच्या आधी. आत्यानं सकाळच्या दुधाचे नमुने बाटल्यांत राखून ठेवले होते. मी पुढं झाले तर तिनं मला हातानं मागं सारलं आणि त्या बाईला बोलावलं.

"ये. तूच दाब."

बाईनं पदराला हात पुसला आणि माउस असा धरला की जणू तो उडून जाईल. आधी सजावट मुद्दाम चालू करायला लावली. आत्यानं जावेचा नमुना घातला, मग तिचा. सात दोन विरले, सहा एक झाले. "बगा!" ती गर्दीकडं वळून म्हणाली. "मी खोटं बोलतो व्हय?" मग तिनंच बटण दाबलं. सावल्या गेल्या, गोलाई गेली, पडदा शाळेच्या पाटीसारखा साधा झाला. पुन्हा जावेचा नमुना. सात दोन. पडदा कोरा. मग हिचा. सहा एक, ठणठणीत.

तिनं ते तीनतीनदा करून बघितलं. मग बाटल्यांची अदलाबदल करायला लावली. स्वतःची आधी, जावेची मागून, सजावट चालू. या वेळी जावेचे सहा एकचे सात दोन होताना दिसले. तिनं माउस सोडला.

"म्हंजे माज्या म्हशीची सहा एकच हाय," ती शेवटी म्हणाली. सगळे हसले. ती नाही हसली. "आक्का, तुजं खरं हाय. आणि माजंबी खरं हाय."

"व्हय," आत्या म्हणाली.

इथं सगळं संपायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "आमालाबी दिसायचं की असं." मग आणखी एकजण, मग तिसरी. हिला, तिला, निम्म्या वाडीला दिसत होतं. कितीतरी दिवस. आत्याचा चेहरा सभा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा हलला.

"दिसत हुतं?" ती म्हणाली. "मग बोलला न्हाईसा का?"

गाईवाल्या आजी काठी टेकून उठल्या. त्यांच्या बोलण्यात नुसती माया होती, हेच मला अजून सहन होत नाही. "अगं, तू एकली बाई. पोर न्हाई, बाळ न्हाई. गावासाठी राबतीस. घेतलं असलं दोन घोट दूध, तर घेतलं. आमी म्हटलं, जाऊंदे. आमी कवाच माफ केलंतं तुला."

आत्या खाली बसली. खुर्ची नव्हती, ती पायरीवर बसली. ज्या गावाला तिनं दोन्ही वेळ, सणवार न बघता, आकडा मोठ्यानं वाचून दाखवला, ते गाव तिला रोज चोर समजत होतं आणि रोज हसून किटली पुढं करत होतं. मला रडू आलं आणि रागही आला, आणि कुणावर काढावा ते कळेना, कारण त्यांनी तर माफ केलं होतं.

चेअरमनबाईंनी घाईघाईनं ठराव मांडला की आक्कांनीच सचिव राहावं. सगळे हात वर झाले. आत्यानं हातांकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं त्या बाईला जवळ बोलावलं, पायरीवर शेजारी जागा करून दिली.

"एवढ्या गावात," ती म्हणाली, "तू एकटीनं मला इचारलंस."

"मी तर भांडलो तुज्याशी," ती बाई ओशाळून म्हणाली.

"तेच की." मग आत्या सगळ्यांकडं वळली. "ऱ्हातो मी. पर एक सांगतो. पुन्हा काय दिसलं तर हिच्यावानी तोंडावर बोलायचं. शिव्या द्या, आण घाला, काढून टाका. पर मला इचारल्याबिगार माफ करायचं न्हाई."

त्या बाईनं मान हलवली, "व्हय," म्हणाली, आणि धारा काढायची वेळ झाली होती म्हणून पायरीवरून उठली.